चॅनेल ७ परत आलं, ७२ सेंटीमीटर केबलच्या तुकड्यावर

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या आमच्या घरातलं, माळ्यावरच्या टीव्ही अँटेनाचं काम संपलं. कसलं काय! नवा ॲम्प (सिग्नल वाढवणारा डबा) लावला त्याच संध्याकाळी ७ गेलं, ते काल रात्री परत आलं. मधले तीन आठवडे मी शिडीवर होतो.

बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. साडेसातला ७ वर चाक फिरवून अक्षरं ओळखायचा खेळ लागतो, तो त्यांना चुकवायचा नसतो. "अरे, चौकोन आले बघ परत," अशी हाक आली की माझा चहा तिथेच राहतो.

यागी (एकाच दिशेला रोखलेली, आडव्या दांड्यांची अँटेना) का घेतली ते मागे सांगितलंच आहे. न्यू यॉर्कची बहुतेक चॅनेलं यूएचएफवर (वरच्या वारंवारतांच्या पट्ट्यात) आहेत, पण ७, ११ आणि १३ (जे प्रत्यक्षात १२ वरून येतं) हाय व्हीएचएफवर, म्हणजे त्याच्या खालच्या पट्ट्यात, जिथे लहरी लांब. ७ ची तरंगलांबी सुमारे १.७ मीटर, म्हणजे दांडा त्याच्या निम्मा, ८५ सेंटीमीटरच्या आसपास हवा. खिडकीला चिकटवायचा तो पातळ चौकोन इथे काय करणार? खोक्यावर '२५० मैल' छापलेलं असतं. पृथ्वी सपाट असती तर कदाचित. माझी कॉम्बो (दोन्ही पट्ट्यांची) यागी खऱ्या उत्तरेपासून ५५ अंशांवर आहे, मॅनहॅटन पंचवीस-सत्तावीस मैलांवर. साधं होकायंत्र वापरणाऱ्यांनी इथे १३ अंश मिळवायचे, नाहीतर तोंड भलतीकडे जातं.

तर घोळ असा. चार टीव्हींसाठी फोर-वे स्प्लिटर (सिग्नल चौघांत वाटणारा) लावला, त्यात ७ डीबी (डेसिबल) सिग्नल गेला, म्हणून ॲम्प आणला. यूएचएफ झकास झालं. ७ वर मात्र ट्यूनर दाखवतो: स्ट्रेंथ १००, क्वालिटी ४०. एवढा दणदणीत सिग्नल आणि चित्राचे तुकडे! कनेक्टर नवे केले, बॅलन (अँटेना आणि केबल जुळवणारा तुकडा) बदलला, एलईडी दिवे बंद करून पाहिले. मग एकेक ब्रेकर पाडत गेलो. फ्रीजचा परत चढवायला विसरलो, त्यावर घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. शेवटी वैतागून ॲम्प काढला आणि केबल थेट एका टीव्हीला जोडली. स्ट्रेंथ ६८, क्वालिटी ९०.

म्हणजे गुन्हेगार ॲम्प. पण ११ आणि १३ धडधाकट, मग ७ च का? हे रात्री भांडी घासताना सुचलं. नदीपलीकडे विद्यार्थ्यांचं एक एफएम केंद्र आहे, ८८.७ वर. दुप्पट करा: १७७.४. आणि ७ चा पट्टा १७४ ते १८० मेगाहर्ट्झ! केंद्राचा यात काही दोष नाही. जवळचा जोरदार सिग्नल पोटात गेल्यावर माझा ॲम्पच गुदमरून त्याची दुप्पट बाहेर ओकत होता.

एफएम ट्रॅप (एफएमचे सिग्नल अडवणारी गाळणी) मागवला आणि शहाण्यासारखा ॲम्पच्या पुढे, टीव्हीच्या बाजूला लावला. ढिम्म फरक नाही. पडणार कसा? कचरा ॲम्पमध्येच तयार होतोय आणि एकदा १७७ वर आला की ट्रॅपला तो दिसतही नाही. अँटेना आणि ॲम्प यांच्या मधे लावल्यावर क्वालिटी ६५. या स्वस्त ट्रॅपांची मेख अशी की १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ते जोरात दाबतात, ८८ च्या कडेला ढिले पडतात.

मग ट्रॅप काढून ठेवला आणि स्टब केला, म्हणजे मुख्य केबलला बाजूने जोडलेला मोजून कापलेला तुकडा. ॲम्पच्या आधी टी-जोड, त्याला आरजी-६ चा (टीव्हीच्या नेहमीच्या केबलचा) तुकडा, दुसरं टोक उघडं. ८८.७ ची पाव तरंगलांबी ८४.५ सेंटीमीटर, त्याला केबलचा वेग-गुणक ०.८५ (केबलमध्ये लहर तेवढी हळू धावते), म्हणजे ७२ च्या जरा खाली. सुरुवात ७६ ने केली, अर्धा-अर्धा सेंटीमीटर कापत आलो. ७२ वर क्वालिटी ९४! यातली गंमत बघा: ८८.७ ला हा तुकडा शॉर्ट असतो, म्हणजे तो सिग्नल गिळतो, पण दुप्पट वारंवारतेला अर्धलहर होतो, म्हणजे ७ ला तो जणू नाहीच. पुढचे खड्डे, जिथे तो पुन्हा असाच गिळतो, २६६, ४४३ आणि ६२१ ला. आपलं यूएचएफ ४७० ते ६०८. बरोबर मधून निसटतं. फुकटच्या तुकड्याने ट्रॅपला हरवलं, याचा आनंद मी दोन दिवस पुरवून वापरणार आहे.

आता पुढचं. फिलाडेल्फियाचं ६ याच ॲम्पवर घ्यायचा बेत होता, तो बारगळला. ते खरोखरच ६ वर, ८२ ते ८८ मध्ये आहे; स्टब त्यालाही गिळणार. तसंही ७ आणि ६ चं नेटवर्क एकच, त्यामुळे फार हळहळ नाही.

पण हे लिहिता लिहिता एक डोक्यात आलं. फिलाडेल्फियाचे मनोरे माझ्याकडून सुमारे २३३ अंशांवर, न्यू यॉर्कच्या जवळजवळ पाठीमागे. जुनी फोर-बे (चार जोड्यांची यूएचएफ अँटेना) गॅरेजमध्ये पडून आहे. तिची मागची जाळी काढली तर ती दोन्ही बाजूंनी ऐकेल, आणि तिकडची यूएचएफ चॅनेलं मिळाली तर मिळाली. यागीशी मात्र जोडणार नाही, वेगळा ट्यूनर देईन. शनिवारी जाळी उतरवतो. बाबांनी पाना आत्ताच शोधून ठेवलाय.