प्लगइन मागितल्यावरच

व्हिम, म्हणजे माझा कोड लिहायचा एडिटर, उघडताना हल्ली जाणवण्याइतका थांबतो. म्हणून आज तो ‘स्टार्टअपटाइम’चा पर्याय देऊन सुरू केला. कोणती फाइल वाचायला किती मिलिसेकंद लागले, याचा ओळीओळीने हिशेब मिळतो. बराचसा वेळ अशा प्लगइनांनी (एडिटरला वरून जोडलेल्या सोयींनी) खाल्लेला दिसला, ज्यांना आज मी हातही लावला नव्हता.

प्लगइनच्या ‘प्लगइन’ फोल्डरमधलं सगळं व्हिम सुरू होतानाच वाचतो. ‘ऑटोलोड’ फोल्डरला मात्र काम पडेपर्यंत हात लावत नाही. फंक्शनच्या नावात हॅश (#) असला, की हॅशच्या आधीच्या भागावरून कोणती फाइल उघडायची ते त्याला कळतं, आणि तीही फंक्शन पहिल्यांदा बोलावल्यावरच. ही सोय 2006 मधल्या व्हिम 7 पासूनची. 2016 मध्ये व्हिम 8 सोबत पॅकेजेस आली: ‘स्टार्ट’ फोल्डरमध्ये ठेवलेलं प्लगइन आपोआप लोड होतं, ‘ऑप्ट’मधलं ‘पॅकअ‍ॅड’ ही कमांड दिल्यावर. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्येही जुनी चाल हीच. फंक्शनच्या डोक्यावर ऑटोलोडची खास कॉमेंट टाकायची. सुरुवातीला ईमॅक्सला फक्त त्याचं नाव आणि फाइल माहीत असते, कोड पहिल्या हाकेला येतो.

म्हणजे लेखकाने ‘प्लगइन’मध्ये चार ओळींच्या कमांड आणि बाकी सगळं ‘ऑटोलोड’मध्ये ठेवलं असेल, तर मी कॉन्फिगमध्ये वेगळी कसरत करून काही मिलिसेकंदही वाचत नाहीत. माझ्या मते हे काम मुळात प्लगइन लिहिणाऱ्याचंच. तरी लोक सरसकट सगळंच लेझी, म्हणजे लागेल तेव्हाच लोड होणारं, करतात आणि स्टार्टअपचा आकडा मिरवतात.

तो आकडा फसवा आहे. वेळ वाचत नाही, पुढे सरकतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं प्लगइन त्याची कमांड दिल्यावर लोड झालं तर छानच, कारण कित्येकदा ती कमांड दिलीच जात नाही. पण कम्प्लीशन (अर्धवट शब्द पुरा करून देणारं प्लगइन) इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे टाइप करायच्या मोडमध्ये, शिरताना लोड करायचं ठरवलं, तर अडखळणं नेमकं पहिल्या अक्षरावर येतं. एडिटर उघडताना मी तसाही वाट बघत असतो. वाक्य डोक्यात तयार असताना स्क्रीन थिजलेली चालत नाही. रंगसंगतीचं तर विचारूच नका, उशिरा आली की डोळ्यांदेखत सगळं लखकन बदलतं.

फाइलटाइपवर टांगलेल्या प्लगइनांचं दुखणं आणखी वेगळं. फाइलचा प्रकार ओळखल्याची घटना घडते, तेव्हा कुठे प्लगइन लोड होतं, आणि तोवर ज्या घटनेची त्याने वाट बघायची ती होऊन गेलेली असते. म्हणून प्लगइन लोड करणाऱ्या मॅनेजरला ती मुद्दाम पुन्हा घडवावी लागते. नाही घडवली तर पहिली फाइल कोरडीच राहते, दुसरीपासून सगळं सुरळीत. असा बग शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

शेवटी गिट, फाइल-ट्री आणि डिबगर एवढंच ‘ऑप्ट’मध्ये टाकलं. कम्प्लीशन ‘स्टार्ट’मध्येच आहे. जुन्या बदलांवर परत नेणाऱ्या अनडू-ट्रीचं अजून ठरत नाही. ते वापरतो क्वचित, पण लागतं तेव्हा घाईत लागतं.