लेट्रोझोल आणि सात दिवसांची वही

स्तनाच्या कॅन्सरवरची माझी गोळी: लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघर गाठायचं आणि ओपीडीत "कसं वाटतंय?" विचारलं की "बरंय" म्हणून परतायचं, हे मी बंद केलंय. तपासणीच्या तारखेआधी सात दिवस त्रासांची वही लिहिते. सातच, कारण जीवनमान मोजणारा ३० प्रश्नांचा क्यूएलक्यू-सी३० फॉर्मही (मराठीत मिळतो) गेल्या आठवड्याचंच विचारतो. अख्खा महिना आठवत बसलं की सगळीकडे "थोडेसे"वर खूण होते.

अंगात अचानक उसळणाऱ्या उष्णतेला (हॉट फ्लॅश) मी वाफ म्हणते. ओळ अशी: "रात्री २.१०, वाफ, ४ मिनिटं, गाऊन बदलला, साडेतीनपर्यंत जागी." शेवटचा भाग सगळ्यात कामाचा. दिवसा आठ वाफा येऊनही कामं होतात. रात्रीच्या दोनच वाफांनी झोप मोडली तर दुसऱ्या दिवसाचा थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा त्यांच्याच खात्यात जातो. मे महिन्यात ठाण्यात घाम कुणाला येत नाही? पण वाफ छाती-मानेतून चेहऱ्याकडे चढते, घाम सुटतो आणि ओसरताना चक्क थंडी वाजते.

सांधेदुखी मिनिटांत लिहायची. "बोटं दुखतात" म्हटलं की वयावर जातं. "सकाळी ४० मिनिटं कणीक मळता येत नाही" म्हटलं की व्यायाम, वेदनाशामक, नाहीतर त्याच गटातली दुसरी गोळी, असा विषय पुढे सरकतो.

योनीचा कोरडेपणा लिहिताना हात अडतो, तरी लिहायचाच. पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट चालतं. इस्ट्रोजेनचं (स्त्री-संप्रेरकाचं) क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय केमिस्टकडून आणू नये: गोळी शरीरात इस्ट्रोजेन बनू देत नाही आणि क्रीम तेच थोडंफार रक्तात सोडू शकतं.

टॅमोक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची दुसरी गोळी घेणाऱ्यांची गोम वेगळी. वाफांसाठी किंवा उदासीसाठी दिलेली पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही औषधं यकृतातलं सीवायपी२डी६ एन्झाइम अडवतात, आणि टॅमोक्सिफेनचं प्रभावी रूप बनायला तेच लागतं. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठीही म्हणून त्याच फाइलमध्ये लावायची.

चुकलेल्या गोळ्या लाल पेनाने. त्रासाला कंटाळून गुपचूप गोळी सोडणाऱ्या पुष्कळ असतात, आणि डॉक्टर मात्र ती चालू आहे असं धरून पुढचं ठरवतात.

आत जाताना अख्खी वही पुढे करायची नाही. सर्वांत अडवणाऱ्या तीन ओळी वेगळ्या कागदावर, केसपेपरच्या वर पिन करून.