दोन वातींची एक

आमच्या टीव्हीशेजारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. पाहुण्यांची पोरं तो मोठ्या आशेनं उघडतात आणि तोंड एवढंसं करून पुन्हा लावून टाकतात. आत कापूस. अर्धा पिंजलेला, अर्धा वळलेला, आणि शंभर-शंभराच्या जुड्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या.

संध्याकाळी मालिका लागली की सासूबाई डबा पुढ्यात ओढतात. नजर टीव्हीवर, तोंडानं त्या खलनायिकेचा उद्धार चाललेला, आणि बोटं मात्र स्वतंत्रपणे आपलं काम करत असतात. बोराएवढा कापूस घ्यायचा, चपटा करायचा, मधोमध चिमटीत धरून वर खेचायचा, टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. झाली फुलवात. खाली परकरासारखा घेर, वर शेंडी. हिचं घर निरांजनात, तुपात. समईला मात्र लांब बोटवात लागते, ती तेलात काठावर टेकून पडते. आणि समईत एकटी वात लावायची नाही, दोन वातींची एक करूनच लावायची, हा नियम. का, असं लग्न झालं तेव्हा विचारलं होतं. ‘एकटीला करमत नाही,’ असं उत्तर मिळालं. पुढे विचारायची सोयच ठेवली नाही.

देवपूजेतल्या सगळ्या कामांत मला हेच काम आवडतं, कारण यात देव फारसा मधे येत नाही. ना सोवळं, ना मंत्र, ना मुहूर्त. गप्पा मारत, भांडत, क्रिकेट बघत वाती होतात. आमच्याकडे येणाऱ्या बायका आल्या आल्या डब्यातला कापूस उचलतात आणि सुनांच्या तक्रारी वळता वळता पन्नासेक वाती करून उठतात. त्या वाती सकाळी देवापुढे अगदी सात्त्विक चेहऱ्यानं जळतात.

कापूस कुठला, यावर मात्र आमच्याकडे तडजोड नाही. सासूबाईंचं माहेर कोकणातलं. तिथं परसात देवकापसाचं झाड होतं. वर्षानुवर्षं टिकणारं, माणसापेक्षा उंच. पोरींनी बोंडं वेचायची, बोटांनी सरकी काढायची. सरकीला कापूस असा घट्ट धरून बसलेला की नखं दुखून यायची. त्या कौतुकात वाढलेल्या बाईपुढे मी एकदा औषधाच्या दुकानातला गुंडाळीचा कापूस ठेवला. ‘हा जखमेचा,’ असं म्हणून तो कपाटात गेला. मी शास्त्र सांगितलं, की कच्च्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, तो काढून टाकल्यामुळे हा कापूस चटकन शोषतो, म्हणजे तेलही शोषेल. ‘शोषेल गं, पण पीळ कुठे धरतोय?’ वळून बघितली. खरंच नाही धरत. मग मी तयार वातींची पाकिटं आणली. त्या दिसायला एकसारख्या, शिस्तीत उभ्या, शाळेच्या प्रार्थनेला असाव्यात तशा. पण ज्योतीऐवजी धूरच जास्त, आणि वर मणी झाल्यासारखी काळी गाठ. कापसात काहीतरी भेसळ असावी. नाव घेत नाही, पण त्या पाकिटावर ‘शुद्ध’ हा शब्द तीनदा छापलेला होता.

खरं तर वात स्वतः फार जळतच नाही. तंतूंच्या फटींतून तेल वर चढतं आणि जळतं ते तेल. तेल संपलं की मगच वातीवर येतं. थंडीत निरांजनातलं तूप दगडासारखं थिजलेलं असलं तरी फुलवात आपल्यापुरतं तूप वितळवून घेते आणि काम चालू ठेवते. टोक मात्र आधी तुपात भिजवलेलं हवं. कोरडी वात पेटवली की भस्सकन मोठी होते आणि लगेच मान टाकते. त्याला ‘विझली’ म्हणायचं नाही. दिवा शांत होतो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढवतात. आमच्या मुलाच्या हातून एकदा काचेचा पेला पडला तेव्हा त्यानं ‘आजी, पेला वाढवला’ असं जाहीर केलं होतं.

२०२३ साली श्रावण अधिक आला आणि चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा झाला. सासूबाईंना ती सवलत वाटली. त्यांनी लक्ष वातींचा संकल्प सोडला. मी कागद घेऊन बसले. आषाढी २९ जूनला, कार्तिकी २३ नोव्हेंबरला, म्हणजे १४७ दिवस. लाख भागिले १४७, रोज ६८०. एकही खाडा न करता. अधिक महिना नसता तर रोज आठशेच्या वर गेल्या असत्या, हे सांगितल्यावर त्यांना आपण स्वस्तात सुटलो असंच वाटलं.

दोन आठवड्यांत दिवाणखान्यात कापूस उडायला लागला. नवऱ्याच्या काळ्या शर्टावर, वरणात, लॅपटॉपच्या कळांमध्ये. मोजताना रोज घोळ. शेवटी मी केकसाठी आणलेला वजनकाटा काढला. शंभर वातींचं वजन भरलं १० ग्रॅम. ‘आई, मोजू नका. १० किलो झालं की लाख झाले.’ त्यांनी काट्याकडे असं पाहिलं, जणू मी वाण्याच्या दुकानातून आलेय. ‘वाती मोजायच्या असतात, तोलायच्या नसतात.’ काटा परत केकच्या कामाला लागला. भजनी मंडळातल्या बायका मदतीला आल्या, मीही लागले. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी शेकडो वाती वळल्या आहेत. एकदा तो चुकून चालूच राहिला. बंगळुरूच्या साहेबांना वाटलं मला थंडी वाजतेय, म्हणून हात चोळतेय. यवतमाळकडच्या एका सहकाऱ्याचा मात्र लगेच खासगी मेसेज आला: ‘मॅडम, बोटवाती का? कापूस पाठवू का घरचा?’ आला. तीन किलो. सासूबाई तो हातात घेऊन बराच वेळ नुसत्याच ओढत बसल्या. ‘लांब आहे गं धागा,’ म्हणाल्या. कोकणाबाहेरच्या कापसाला त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळणं शक्य नव्हतं.

त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या अंगणात वाती तुपात भिजवून घमेल्यातून पेटवल्या. पाच महिन्यांचं काम, पाऊण तासात राख. लाख भरल्या होत्या का, हे मी विचारलं नाही.

त्या खटाटोपात माझ्या हातच्या वाती कधी देवघरापर्यंत पोचल्या नव्हत्या. त्यांची डबी वेगळी होती. त्या तुळशीपाशी जायच्या. ‘तिथं वारा असतो, तशाही राहत नाहीत,’ हे कारण. गेल्या दसऱ्याला सासूबाई समई लावायला बसल्या तेव्हा हाताशी त्यांची एकच वात उरली होती. आता नजर कमी झालीय, डबा लवकर भरत नाही. माझ्या डबीतून एक काढली, बोटांनी चाचपली, तोंड वाकडं केलं. मग आपल्या वातीला लावून पीळ घातला आणि तेलात सोडली.

‘तुझी आत घातलीय,’ म्हणाल्या. ‘वरून माझी आहे, म्हणजे दिसायला बरी.’