अमळनेरच्या उन्हात घरचा पीसीबी

आज घरीच पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, करत होतो. ऊन नुसतं भाजून काढत होतं, पण बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणाला असाच उकाडा मानवतो. ४० अंशांच्या आसपास ते तांबं झपाट्याने खातं, त्यामुळे पत्र्याच्या शेडमधल्या टाकीला हीटर लागलाच नाही. टाकी म्हणजे प्लास्टिकची उभी बरणी आणि तळाशी माशांच्या टाकीतल्या पंपाची हवा. बुडबुड्यांनी द्रावण हलतं राहतं आणि तांब्याचा ३५ मायक्रॉनचा थर सगळीकडे सारखा विरघळतो.

खरा आनंद मात्र त्याआधीचा! लाकडी खोक्यात ४०५ नॅनोमीटरच्या यूव्ही एलईडी बसवून एक्स्पोजर बॉक्स केलाय. बोर्डावर निळी ड्राय फिल्म, वर सर्किटच्या चित्राची निगेटिव्ह, त्यावर काच. उजेड पडतो तिथे फिल्म कडक होते आणि खालचं तांबं वाचतं, बाकीची धुण्याच्या सोड्याच्या १ टक्का पाण्यात सुटते. एकेक ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणारी रेघ, उमटताना आप्पा शेजारीच उभे.

"भाऊ, हाई आपली मोटारले चाली का?"

चालेल की आप्पा, त्यासाठीच तर केलंय! विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार आपोआप बंद.

करून बघणाऱ्यांनो, वापरलेलं द्रावण मोरीत किंवा शेतात ओतू नका. त्यात तांबं असतं. मी ते झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवतो. आता भोकं पाडायची राहिलीत.