सोलर इन्व्हर्टरवर नजर: शेवटी होम असिस्टंटच

मंडळी, मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ५ किलोवॅटची ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेली, सोलर सिस्टीम आहे. तिच्या उत्पादनावर नजर ठेवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, हा घोळ एकदाचा मिटला: होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं एका जागी जोडणारं सॉफ्टवेअर.

कंपनीचं ॲप आधीच बाद केलं. आकडे पाच-पाच मिनिटांनी येतात, तेही कंपनीच्या सर्व्हरवरून. गच्चीवरचा आकडा मीटर रूममध्ये यायला परदेशवारी कशाला? इन्व्हर्टरला आरएस-४८५ पोर्ट (दोन वायरींवरून आकडे पाठवायची जोडणी) आहे, तो मॉडबस ही यंत्रांची भाषा बोलतो. दोन वायर, एक यूएसबी कन्व्हर्टर, ९६०० बॉड (आकडे पाठवायचा वेग) आणि मीटर रूममधला रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर. नेट गेलं तरी वाचन चालू.

सोलर असिस्टंट हे खास सोलरसाठीचं सॉफ्टवेअर छान आहे, पैसे मोजावे लागतात. हायब्रिड (बॅटरीही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरीवाल्यांनी डोळे झाकून घ्यावं. आमच्याकडे बॅटरीच नाही. नोड-रेड (आकडे गोळा करायला), इन्फ्लक्सडीबी (साठवायला), ग्राफाना (दाखवायला) या त्रिकुटाचे ग्राफ देखणे खरे, पण मी गावी गेलो की तीन-तीन गोष्टींकडे बघणार कोण? सेक्रेटरीकाका? होम असिस्टंटमध्ये मॉडबस अंगचंच आहे, २०२१ पासून विजेचा हिशेब दाखवणारा एनर्जी डॅशबोर्डही आहे. पाण्याच्या टाकीचा सेन्सर आणि पंप आधीच तिथे जोडलेले. मग वेगळा संसार कशाला थाटायचा?

खरी मजा रजिस्टरमध्ये, म्हणजे इन्व्हर्टर जिथे एकेक आकडा ठेवतो त्या कप्प्यांत. मॅन्युअलमधला पत्ता एकपासून मोजलेला, सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं. म्हणून एक वजा करायचा. एकूण युनिट दोन रजिस्टरांत विभागलेले असतात. आकडा अचानक कोटींत दिसला तर वर्ड स्वॅप करून, म्हणजे त्या दोन रजिस्टरांचा क्रम उलटा करून बघा.

आता पहाटेची गंमत. रात्री इन्व्हर्टर झोपतो, होम असिस्टंटमधला त्याचा सेन्सर 'अनअव्हेलेबल' (आकडाच नाही). उजाडताना तो जागा होतो आणि पहिल्या वाचनात एकूण युनिट चक्क शून्य सांगतो, पुढच्या वाचनात खरा आकडा. होम असिस्टंटला वाटतं मीटर शून्यावर आलं आणि लगेच हजारो युनिट तयार झाले! डॅशबोर्डवर सकाळी साडेसहाला गगनचुंबी खांब. उपाय सोपा: मधे एक टेम्प्लेट सेन्सर (मूळ आकडा गाळून पुढे देणारा सेन्सर) घाला, शून्य आलं की तो अनअव्हेलेबलच राहील. डॅशबोर्डला मूळ सेन्सर न देता हाच द्या.

एक अलर्टही लावलाय. सूर्य बऱ्यापैकी वर आणि अर्धा तास उत्पादन शून्य, तर टेलिग्रामवर मेसेज. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन पार बसतं, पण भरदिवसा पूर्ण शून्य म्हणजे बहुतेक एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पडलेला किंवा लाईट गेलेली. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतःहून बंद होतो, हे सोसायटीत प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं.

आता राहिला वापर. इन्व्हर्टरला फक्त उत्पादन कळतं. लिफ्ट आणि पंपाने किती खाल्लं ते नाही. त्यासाठी सीटीवालं (वायरभोवती बसून करंट मोजणारं) मॉडबस मीटर मागवलंय, इन्व्हर्टरच्याच वायरवर स्लेव्ह आयडी (उपकरणाचा ओळख क्रमांक) २ देऊन बसवणार. गच्चीपासून मीटर रूमपर्यंत वायर बरीच लांब आहे, म्हणून सिग्नल टोकावरून उलटा फिरू नये यासाठी दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा विचार आहे. एवढ्या लांबीवर कुणी त्याशिवाय चालवत असेल तर बॉड रेट किती ठेवलाय ते सांगा.