रेघा तर थांबलेल्या दिसतात

"दादा, तुम्ही रेकॉर्डी फास्ट केल्यात असं बाबा म्हणतायत."

माझ्या धंद्यात तक्रारी ठरलेल्या असतात. खरखर राहिली, एकाच कानात ऐकू येतं, पेन ड्राइव्ह गाडीत चालत नाही. वेग चुकल्याची तक्रार इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली, आणि आली तीही मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चार अमेरिकन जॅझवादकांच्या रेकॉर्डींबद्दल. दुसऱ्या कुणाबद्दल असती तर मी एवढा चिडलो नसतो.

पुण्यात एका वाड्याच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. लोक रेकॉर्डी, कॅसेटी, स्पूल आणून देतात, मी ते संगणकात उतरवून देतो. येतं ते बहुतेक नाट्यसंगीत, कीर्तनं, मुंजीच्या कॅसेटी, गेलेल्या आजीचं "चालू झालं का रे हे?" जॅझ वर्षाकाठी एखादा. त्यामुळे मे महिन्यात या तक्रारवाल्या ताईंनी पिशवीतून पाच कव्हरं काढून काउंटरवर मांडली तेव्हा मी आधी चष्मा पुसला. 'जँगो', 'फॉन्टेसा', 'युरोपियन कॉन्सर्ट', 'ब्लूज ऑन बाख', 'द लास्ट कॉन्सर्ट'. वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, त्यांना भेट द्यायची होती. पैसे घेऊच नयेत असं मनात आलं. घेतले, पण कमी.

या चौघांना मी चौदाव्या वर्षापासून ओळखतो. साताऱ्यात वडिलांच्या रेडिओवर रात्री शॉर्टवेव्हला व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक इतकं सावकाश इंग्रजी बोलायचा की मराठी माध्यमातल्या पोरालाही कळावं. एका रात्री त्याने 'जँगो' लावलं. लाटांच्या आवाजातून वर येणारी, थेंबाथेंबाने पडणारी धून. वाद्य कुठलं तेही मला कळलं नव्हतं. जलतरंगाचा कुणी पाश्चात्त्य भाऊ असेल असं वाटलं.

तो व्हायब्राफोन होता, काठ्यांनी धातूच्या पट्ट्या वाजवायचं वाद्य; वाजवणारा मिल्ट जॅक्सन. पियानोवर जॉन लुईस, डबल बासवर पर्सी हीथ. 'जँगो'च्या त्या १९५४च्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवर केनी क्लार्क आहे. पुढच्या वर्षी त्याच्या जागी कॉनी के आला, आणि १९९४ मध्ये के वारला तोवर चौघं तेच राहिले. मध्ये १९७४ ते १९८१ एवढी फारकत झाली, ती धरूनही जवळजवळ चाळीस वर्षं. आपल्याकडे एक तबलजी आणि एक गवय्या चार वर्षं नीट टिकत नाहीत. टक्सिडो घालून, आधी ठरवलेल्या शिस्तीत, मैफिलीच्या सभागृहात वाजवायचं हा लुईसचा आग्रह. त्यामुळे बऱ्याच लोकांचा समज झाला की हे थंड आणि सभ्य संगीत आहे. मला हा समज कधीच पटला नाही. जॅक्सन मुळात ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावविव्हळ गाण्याचा माणूस. लुईस त्याच्याखाली साथ करता करता वेगळीच धून विणतो आणि कुठे हात काढून घ्यायचा ते त्याला कळतं. आमच्याकडच्या पेटीवाल्यांना हे कुणीतरी ऐकवलं पाहिजे.

तर हे काम मी स्वतः केलं. रेकॉर्डी डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित आयसोप्रोपिल घालून धुतल्या. पुण्याच्या चार पावसाळ्यांत कव्हरात अशी काही बुरशी धरते की धुतल्याशिवाय सुई टेकवणं म्हणजे सॅंडपेपरवरून चाकू ओढणं. सुईचा दाब काट्यावर मोजून पावणेदोन ग्रॅम ठेवला. माझा सहायक पोरगा हुशार आहे, पण सॉफ्टवेअरवर त्याची श्रद्धा फार. मी जेवायला गेलो तेवढ्यात त्याने पहिल्या बाजूवर 'नॉइज' काढायचा फिल्टर चालवला. खरखर गेली. तिच्याबरोबर कॉनी केची छोटी झांजही गेली, आणि जॅक्सनच्या पट्ट्यांचा विझत जाणारा शेवटही. संगणकाला हळू वाजणारी प्रत्येक गोष्ट कचराच वाटते. पुन्हा सगळं पहिल्यापासून उतरवलं. टिचक्या तेवढ्या हाताने, एकेक शोधून काढल्या.

एवढं करून ऐकायचं काय, तर "फास्ट केलंत".

मी ताईंना म्हटलं, "बाबा घरी ज्याच्यावर ऐकतात ते यंत्र घेऊन या. आणि बाबांनाही आणा."

काका रिक्षातून उतरले ते मांडीवर एक लोखंडी पेटी घेऊन. रेकॉर्ड प्लेअर ताईंच्या हातात होता. पेटी म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. २३० व्होल्ट आत, ११५ बाहेर. काकांनी तो १९७७ मध्ये स्वतः गुंडाळलेला. त्यांचे भाऊ न्यू जर्सीहून कायमचे परत आले तेव्हा हा प्लेअर आणि या रेकॉर्डी घेऊन आले होते, आणि वर्षभरात ते गेले. काका विजेच्या खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. ट्रान्सफॉर्मरचं काम बघण्यासारखं होतं: वार्निश अजून जागच्या जागी, जोड स्वच्छ, इतक्या वर्षांत एकदाही तापला नाही म्हणाले. गाण्याच्या आपल्या रेकॉर्डी ते दुसऱ्या, देशी प्लेअरवर लावायचे. "अमेरिकेचा माल अमेरिकन मशीनवर," म्हणाले. गायकाची एक जरी रेकॉर्ड यावर लागली असती तरी सगळं तेव्हाच उघड झालं असतं.

मला संशय आला होताच. तरी मी म्हटलं, "काका, वेग तपासून बघू."

"मी दर रविवारी तपासतो," असं म्हणून त्यांनी खिशातून पुठ्ठ्याची स्ट्रोब चकती काढली. तीही भावाचीच. चकतीवर गोलाकार बारीक रेघा असतात. ती फिरत्या तबकडीवर ठेवून ट्यूबलाइटखाली बघायचं. वेग बरोबर असेल तर रेघा थांबलेल्या दिसतात, नसेल तर पुढे किंवा मागे सरकतात. काकांनी ती ठेवली. रेघा ठार थांबल्या.

"बघा. रेघा तर थांबलेल्या दिसतात."

मी चकती उचलून उलटी केली. कडेला छापलेलं होतं: साठ सायकल. रेघा २१६. आपल्याकडच्या चकतीवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वर्तुळात १८० असतात.

मी "काका, हे साठ..." एवढंच बोललो. पुढे बोलावं लागलं नाही. त्या माणसाने आयुष्यभर पन्नास सायकल सांभाळली होती. त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ सायकलची, आपली पन्नासची; हीच वारंवारता. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. आणि अशा प्लेअरची मोटर फिरते ती वारंवारतेच्या तालावर. अमेरिकेत मिनिटाला ३०० फेरे घेणारी मोटर आपल्याकडे २५० घेते. म्हणजे तबकडी ३३⅓ ऐवजी २७.७८ने फिरते. गंमत अशी की ट्यूबलाइटही त्याच पन्नास सायकलच्या तालावर लुकलुकते, म्हणून साठची चकती हळू फिरत्या तबकडीवरही थांबलेली दिसते. चूक आणि चूक तपासणारा, दोघंही एकाच प्रमाणात मागे. सेहेचाळीस वर्षं दर रविवारी.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मला माझं काम बरोबर होतं हे सिद्ध करायचं होतं. कोपऱ्यात बाजाची पेटी होती ती ओढली आणि 'ब्लूज ऑन बाख' लावली. १९७३ची ही रेकॉर्ड. लुईसने त्यात चार ब्लूज घातलेत, चार वेगवेगळ्या स्वरांतले. त्या स्वरांची जर्मन नावं ओळीने वाचली की बी, ए, सी, एच: जर्मन संगीतकार बाखचं नाव तयार होतं. आपल्या पेटीवर म्हणजे काळी पाच, पांढरी सहा, पांढरी एक, पांढरी सात. माझ्या प्लेअरवर चारही जागच्या जागी मिळाले. मग काकांच्या यंत्रावर: पांढरी पाच, काळी तीन, पांढरी सहा, काळी चार. सगळं बरोब्बर कोमल गंधाराएवढं खाली. बाखचं नाव पुसलं गेलं होतं.

हे मी फार रंगवून सांगितलं. पोरगा मागे उभा राहून मान डोलावत होता. काका ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"मला वाटायचं," शेवटी ते म्हणाले, "हे लोक असेच निवांत वाजवतात. फोटोत बघा ना, कसे उभे आहेत."

कव्हरवरचे ते चार गंभीर, नीटनेटके गृहस्थ. त्यांच्या सभ्यपणाची ख्याती एवढी की जवळजवळ सतरा टक्के सावकाश वाजले तरी शंका येऊ नये. ज्या समजाला मी आयुष्यभर नावं ठेवली त्याच समजामुळे ही चूक इतकी वर्षं झाकून राहिली.

"पुली करून द्या," काका म्हणाले. "चुकीचं मशीन घरात नको."

पुलीचं काम माझ्या आवडीचं. मोटरवरची पितळी पुली वीस टक्के मोठी करायची, मधोमध किंचित फुगीर ठेवायची, नाहीतर पट्टा वरखाली चढतो आणि स्वर लहरतो. लेथवाला जुना आहे, त्याला मिलिमीटरचे शतांश कळतात. त्याला दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत मी एक केलं. जुनी पुली काढण्याआधी काकांच्याच यंत्रावर, त्यांच्याच ट्रान्सफॉर्मरवर पाचही रेकॉर्डी पुन्हा उतरवल्या. पोरगा म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमध्ये स्पीड कमी करा ना, मिनिटाचं काम." आकड्यांपुरतं त्याचं बरोबर होतं. पण त्या यंत्राची स्वतःची एक घरघर होती, ती सॉफ्टवेअरमधून कुठून आणणार?

रात्री दुकान बंद करून मी तो हळू 'जँगो' ऐकला. जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्ट १९५३ मध्ये गेला, त्याच्या आठवणीत लुईसने रचलेली ही धून. सुरुवातीची धून शोकाची, मग मधे चौघं चालायला लागतात, आणि शेवटी पुन्हा तोच शोक. माझ्या माहितीचं 'जँगो' सातेक मिनिटांत संपतं. हे साडेआठच्या जवळ गेलं. जॅक्सन आपल्या व्हायब्राफोनच्या पट्ट्यांखाली फिरणारे, स्वराला कंप देणारे पंखे मुद्दाम सावकाश ठेवायचा, सेकंदाला साधारण ३.३ फेरे. लायनेल हॅम्प्टन या दुसऱ्या व्हायब्राफोनवाल्यासारखे दहा नाही. त्या श्वासासारख्या कंपनावरून मी त्याला कुठेही ओळखतो. इथे तो श्वासही आणखी लांबला होता. झोपलेल्या माणसाचा वाटावा इतका. मधला चालण्याचा भाग मात्र पडला होता. तिथे ते चालत नव्हते, जिना चढत होते. पण हीथच्या बोटाखाली तार सुटतानाचा एक आवाज आहे, तो मी चाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. तो ऐकायला मी पुन्हा मागे गेलो. तीनदा.

यातलं चूक कुठलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्टुडिओत ते चौघं ज्या वेगाने वाजले तोच खरा. शंका वेगळीच आहे. त्या दिवशी पेटी ओढायची गरज होती का? रेघांचं कळलं तेवढं पुरे होतं. भावाचा प्लेअर, भावाची चकती, स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर; त्यावर मी वरून चार स्वर ठोकले. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला ग्राहकापेक्षा बाख जवळचा." बाख नाही, मिल्ट जॅक्सन, असं म्हणणार होतो. गप्प बसलो.

पेन ड्राइव्हवर दोन फोल्डर गेले. पोरग्याने त्यांना 'बरोबर' आणि 'चूक' अशी नावं दिली होती. मी ती काढून '३३' आणि '२७.७८' असं केलं. प्लेअर नव्या पुलीसकट दिला. जुनी पुली पुडीत बांधून काकांच्या हातात ठेवली, त्यांनी ती न बघता शर्टाच्या खिशात टाकली.

तीनेक आठवड्यांनी ताईंचा फोन आला, आत्याबाईंच्या कॅसेटींबद्दल. बोलता बोलता म्हणाल्या, "बाबा रोज संध्याकाळी लावतात हो तुमचं ते. एकच फोल्डर."

"कुठला?"

"ते नका विचारू. सांगू नकोस म्हणालेत."

मी म्हटलं, बरं, मग एवढंच बघा, 'जँगो'समोर किती मिनिटं दाखवतंय. त्या "थांबा हं" म्हणून उठल्या, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग लांबून काकांचा: "अगं, तेही नको सांगूस. त्याला लगेच कळेल."