केमिकल प्लांटमधलं सेफ्टी ट्रेनिंग: माझा अनुभव

बीएस्सी केमिस्ट्री करून लोटे एमआयडीसीत ट्रेनी ऑपरेटर म्हणून लागलो. प्लांटमध्ये सोडायच्या आधी सेफ्टी ट्रेनिंग असतं आणि शेवटी तोंडी परीक्षा, त्याशिवाय आत एंट्री नाही. नव्याने लागणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

सुरुवात ड्रमवरच्या लेबलांपासून झाली. शंकरपाळीच्या आकाराच्या लाल चौकटीत 9 प्रकारच्या खुणा असतात. ज्वाळा, कवटी, हातावर पडणारा थेंब हे लगेच कळतं. गोंधळ होतो तो गोलावरच्या ज्वाळेचा, ते ऑक्सिडायझर, म्हणजे स्वतः पेटलं नाही तरी दुसऱ्याची आग भडकवतं, म्हणूनच नायट्रिक अ‍ॅसिड (ऑक्सिडायझर) आणि टोल्युइन (पटकन पेटणारं सॉल्व्हंट) एका जागी ठेवत नाहीत. आणि छातीत चांदणी फुटलेला माणूस दिसला तर खरंच सांभाळा, बेन्झीनवर ती खूण असते, आज काहीच जाणवत नाही पण पुढे कॅन्सर होऊ शकतो.

मला सगळ्यात हादरवलं ते हायड्रोजन सल्फाइडने. सडक्या अंड्याचा वास येतो हे कॉलेजात शिकलेलो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला, हे कोणी सांगितलंच नव्हतं! कॉस्टिक लायचं (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) पण तसंच, अ‍ॅसिड लगेच झोंबतं, लाय मात्र आधी नुसती बुळबुळीत लागते आणि तोवर आत शिरत राहते. डोळ्यात उडाली तर निदान 15 मिनिटं पाण्याने धुवायचं आणि मग थेट डॉक्टर.

एसडीएस म्हणजे प्रत्येक केमिकलची माहितीपत्रिका, 16 भाग असतात. पाठ करत बसू नका, आधी 2 (धोके), 4 (प्रथमोपचार), 8 (कुठले ग्लोव्हज, मास्क) आणि 10 (कशाशी रिअ‍ॅक्शन होते) वाचा. हायपोमध्ये (सोडियम हायपोक्लोराइट) अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन सुटतो, असल्या गोष्टी 10 मध्ये मिळतात. आमच्याकडच्या पत्रिका इंग्रजीत, कॉन्ट्रॅक्टवरच्या दादांना त्या कशा कळणार? भोपाळनंतर 1987 मध्ये फॅक्टरी अ‍ॅक्टला 41बी कलम जोडलं, त्यानुसार धोक्याची माहिती कामगारांना देणं बंधनकारक झालं, तेव्हा मराठीत समजावून सांगा असं बिनधास्त म्हणा.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) टाकीत हेल्पर बेशुद्ध पडलाय, वास काहीच नाही, काय करशील? म्हटलं सर, आत उतरणार नाही, आधी अलार्म, मग श्वासाचा सेट लावलेली रेस्क्यू टीमच उतरेल, वास नाही म्हणजे गॅस नाही असं नसतं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, फॉर्मवर सही केली.